शमशेरच्या शोकेसमधलं इंजिन

माणसानं एखादा तरी छंद जोपासावा, असं सांगणाऱ्या थोर माणसांना बहुधा कधी कोणी पोलीस ठाण्यावर बोलावलेलं नसतं. मला बोलावलं होतं. छंदापायीच बोलावलं होतं, आणि तेही आणीबाणीत. तेव्हा साताऱ्यातली भली भली माणसं चारचौघांत शिंकायच्या आधीसुद्धा इकडंतिकडं बघून घेत.

छंद तसा गरीब होता. मी आगगाडीची छोटी इंजिनं करायचो. 'खेळणी' हा शब्द आमच्या मंडळात कोणी काढत नसे. मंडळ म्हणजे आम्ही तिघं. मी साताऱ्यात सरकारी कचेरीत कारकून, कृष्णात मिरजेला बँकेत, आणि लालासाहेब आटपाडीला जनावरांच्या दवाखान्यात. आटपाडीला रेल्वे नाही. लालासाहेबांनी इंजिन आयुष्यात एकदाच जवळून पाहिलं होतं, आणि नेमका तेव्हा डोळ्यात कोळशाचा कण गेल्यामुळं तेही धड पाहता आलं नव्हतं. तरी चाकाच्या आऱ्यांवरून ते आमच्याशी असे भांडत, की इंजिनं त्यांच्याच दवाखान्यात बाळंत होतात असं वाटावं.

केलेली इंजिनं एकमेकांना दाखवायची कशी, हा आमच्यापुढचा मोठा प्रश्न होता. एकदा लालासाहेब आपलं इंजिन मांडीवर घेऊन एसटीनं साताऱ्याला निघाले. विट्याला एक बाई दह्याचं गाडगं घेऊन चढली आणि "जरा धरा दादा" म्हणून तिनं ते त्यांच्या मांडीवर ठेवलं. लालासाहेब भिडस्त. इंजिन साताऱ्याला पोचलं ते चपटं होऊन, आणि त्याला आठवडाभर आंबूस वास येत होता. तेव्हापासून मंडळानं ठरवलं, की इंजिनं घरी राहतील आणि फोटो फिरतील. फोटो पाकिटातून जायचा आणि त्यावरचा अभिप्राय पोस्टकार्डावर यायचा. कार्ड उघडं असल्यामुळं आमच्या पोस्टमनलाही त्यात गोडी लागली होती. "मिरजकर म्हनत्यात धुरांडं वाकडं हाय," असं तो मला फाटकातूनच सांगायचा, आणि मग कार्ड द्यायचा.

आमच्याकडची लहान रुळांची गाडी जाऊन मोठ्या रुळांची आली, तेव्हा पेठेत पेढे वाटले गेले. मला मात्र घरातलं कोणी गेल्यासारखं झालं. ते जुनं मीटरगेजचं इंजिन करायचंच, असं मी मनाशी घेतलं. बॉयलरला तुपाचा डबा घेतला. चाकांना माझ्या लग्नातल्या कोटाची मोठी बटणं आली. धुरांड्यासाठी विजयमालेची, म्हणजे माझ्या पत्नीची, वेलदोड्यांची डबी गेली. आणि रिवेट्स? खऱ्या इंजिनाच्या अंगावर रिवेट्सच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या गोल डोक्यांच्या खिळ्यांच्या, रांगा असतात. त्या मी मोहरीच्या केल्या. एकेक दाणा कणकेच्या खळीनं चिकटवला, आणि खळ घट्ट धरावी म्हणून तीत गूळ घातला.

"मुंग्या लागतील," विजयमाला म्हणाली.

"इंजिनाला मुंग्या लागत नाहीत," मी म्हणालो. संसारात मी ठामपणे केलेल्या मोजक्या विधानांपैकी हे एक.

इंजिन पुरं झालं ते खंडेनवमीच्या तोंडावर. त्या दिवशी घरातल्या हत्यारांची पूजा असते. विजयमालेनं विळी, कात्री, शिवणयंत्र, माझी सायकल यांच्या रांगेत पाटावर इंजिनही मांडलं, त्याला हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. लिंबू चाकाहून मोठं होतं. मला फोटो त्याच दिवशी हवा होता, कारण पाऊस उघडून ऊन स्वच्छ पडलं होतं. पण मांडलेली पूजा हलवायची नसते. तेव्हा फोटोवाल्यालाच घरी आणलं.

हा फोटोवाला म्हणजे आमच्या पेठेतला शमशेर. त्याचा स्टुडिओ त्याच्या वडलांपासूनचा. त्याच्या बोटांत एक कला होती. निगेटिव्हवर बारीक पेन्सिल आणि पातं चालवून तो माणसातले दोष काढून टाकायचा. देवीच्या वणांचा माणूस त्याच्याकडून गुळगुळीत होऊन जायचा. फोटोत मिटलेला डोळा तो उघडून द्यायचा. त्यानं उजळून दिलेल्या कितीतरी मुलींची लग्नं झाली, आणि मंडपात वरमाया नवरीकडं बघून गप्प झाल्या.

त्यानं इंजिनाचा फोटो काढला आणि आठवड्यानं मला दुकानात बोलावून प्रत हातात ठेवली. मी बघतच राहिलो. झेंडू गेला होता, लिंबू गेलं होतं. कुंकू पुसलं होतं. पाटाची कड फलाटाची कड झाली होती. कडेला विजयमालेचा गुडघा आला होता, त्याचा कोळशाचा ढीग झाला होता. मागं शेडची भिंत उभी राहिली होती आणि वेलदोड्यांच्या डबीतून धूर निघत होता.

"अरे, लिंबू कुठं गेलं?"

"दादासो, लिंबू म्हंजे डागच की. मी मानसाच्या तोंडावर मुरूम ठेवत न्हाई, तुमच्या इंजिनाच्या पायात लिंबू ठेवीन व्हय?"

मी खरं तर तिथंच ओळखायला हवं होतं. पण स्वतःचं मूल गोरं दिसलं की बाप फोटोवाल्याशी भांडत नाही. मी मिरजेला एक आणि आटपाडीला एक प्रत पाठवली. फोटोमागं मंडळाच्या रिवाजाप्रमाणे 'पाहून अभिप्राय कळवणे' एवढंच लिहिलं, आणि शिट्टी वाजवत घरी आलो.

शमशेरला ते काम स्वतःलाही फार आवडलं. त्यानं परातीएवढं एन्लार्जमेंट करून शोकेसमध्ये लावलं. एका बाजूला वाईची एक नवरी, दुसऱ्या बाजूला फेट्यातले कोणी पाटील, आणि मधोमध माझं इंजिन धूर सोडत उभं. खाली त्यानं पाटीही लावली : 'इंजिन. सौजन्य दादासो, कचेरी.'

शनिवारी संध्याकाळी आमचे शेजारी सुभेदार जोतीराम फाटकाशी आले. फौजेतून उतरून त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण कुजबुजायचं असलं की ते अजून सावधान उभे राहत.

"दादासो, तुमचं नाव शोकेसला लागलंय."

"पाहिलं का? कसं वाटलं?"

"वाटायचं काय? रेल, पूल आन् टावर, यांचा फोटो काढायचा न्हाई, हे फौजेतलं खेचरबी सांगंल. आमच्या युनिटात एकानं काढला हुता. त्याला मी बघितलाय."

"मग?"

"मग परत बघितला न्हाई."

"सुभेदार, ते खेळणं आहे." मंडळाचा निर्बंध मी पहिल्यांदाच मोडला.

"आवं, त्योबी काय काय म्हनत हुता," सुभेदार म्हणाले. "सरकारी मानसं तुमी. आजकाल कागद एकदा हालला का नोकरीच हालती."

हे वाक्य माझ्या पोटात जाऊन बसलं ते पुढं कितीतरी दिवस तिथंच होतं. आमच्या कचेरीतला एक साधा माणूस बसस्टँडवर भलत्या ठिकाणी हसला म्हणून सस्पेंड झाला होता. निदान तसं सांगत. मी चपला घालून तडक शमशेरकडं गेलो आणि फोटो उतरव म्हणालो.

"तसं करता येत न्हाई," तो शांतपणे म्हणाला. "शोकेसमधनं फोटो उतरवला का मानसं मागं बोलाय लागत्यात. गेल्या साली एका पोरीचा फोटो नुसता पुसाय काढला, तर सांजच्याला तिच्या सासरचा मानूस हजर. लगीन मोडलं का म्हनून इचारत हुता. आज तुमचं इंजिन उतरवलं तर उद्या गाव इचारंल, दादासोंनी काय केलं? ऱ्हाऊ द्या. वर हाय तंवर ते निर्मळ हाय."

हा युक्तिवाद इतका बिनतोड होता, की मी त्याच्याकडं चहा पिऊन परत आलो.

रविवारी दुपारी सुभेदारांनी दुसरा सल्ला दिला. फोटो उतरत नसेल तर मूळ वस्तू तरी घरात ठेवू नका. झडती झाली आणि इंजिन सापडलं तर काय सांगाल? त्या क्षणी मला हे पटलं. भ्यालेल्या माणसाला पटवायला फार अक्कल लागत नाही. दारंखिडक्या लावून मी इंजिन मोडलं. बटणं विजयमालेनं कोटाला परत शिवली. डबी वेलदोड्यांकडं परत गेली. तुपाचा डबा घासूनपुसून सुभेदारांच्या पत्नी चंद्राबाईंना दिला, त्यांनी लगेच त्यात मेतकूट भरलं. मोहरी फेकायला विजयमालेचा हात होईना. तिनं ती भिजवून, खळ धुऊन, वाळवून ठेवली. पुढं वांग्याच्या भाजीतून तो पुरावा मी स्वतः खाल्ला.

सोमवारी पोस्टमन फाटकातून म्हणाला, "दोनी कार्डं आल्यात. तुमी वाचू नगा, लय वाईट लिवलंय."

मी वाचली. कृष्णातनं लिहिलं होतं की खऱ्या इंजिनाचा फोटो काढून तो स्वतःच्या हातचा म्हणून पाठवणं ही मंडळाची फसवणूक आहे, आणि असल्या माणसाशी यापुढं संबंध ठेवता येणार नाहीत. लालासाहेबांनीही तेच लिहिलं होतं, फक्त वर 'आरे मात्र चुकले आहेत' असं जोडलं होतं. खऱ्या इंजिनाचे आरे चुकतात कसे, हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

त्या कार्डांचं दुःख करायला मला उसंत मिळाली नाही. पोस्टमन वळला तोच हवालदार आला.

ठाण्यावर फौजदारांच्या टेबलावर शोकेसमधला माझा फोटो होता. फौजदार शहरी वळणाचे, मवाळ आवाजाचे होते. मवाळ आवाजानं माणूस जास्त घाबरतो.

"हे काय आहे?"

"इंजिन," मी म्हणालो, आणि पहिल्याच उत्तरात केस हरलो.

"रेल्वेच्या आवारात फोटो काढायला परवानगी लागते. ती दाखवा."

"साहेब, हा घरात काढलाय."

"इंजिन घरात आलं कसं?"

"केलं. तुपाच्या डब्याचं."

फौजदारांनी हवालदाराकडं पाहिलं. हवालदारानं माझ्या तोंडाचा वास घेता येईल इतकं जवळ येऊन मान हलवली.

"मग घेऊन या ते."

"मोडलं, साहेब."

"कधी?"

"रविवारी."

"आणि फोटोवरून भानगड होणार, याची कुणकुण तुम्हाला कधी लागली?"

"शनिवारी."

फौजदारांनी हे लिहून घेतलं. लिहिताना त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं, ते मी नंतर फक्त जावई पसंत पडलेल्या सासऱ्यांच्या चेहऱ्यावर पाहिलं. मला घाम फुटला आणि त्या घामात एक कल्पना सुचली.

"साहेब, हे मीटरगेजचं इंजिन आहे. आपल्याकडून ती गाडी कधीच गेली. नसलेल्या इंजिनाचा फोटो मी काढणार कसा?"

"म्हणजे," फौजदार हळूच म्हणाले, "गेलेलं इंजिन तुमच्याकडं आहे."

फोटो काढण्याचा माझा गुन्हा आता इंजिन लपवण्यापर्यंत आला होता. आणखी थोडा वेळ बोललो असतो तर रुळांचाही हिशेब द्यावा लागला असता. शेवटी त्यांनी सांगितलं, की गुरुवारपर्यंत हे तुमच्या हातचं काम आहे असं सांगणारे जाणकार साक्षीदार आणा. नाहीतर कागद तुमच्या कचेरीकडं जाईल, आणि मग तुमचं तुम्ही आणि कचेरीचं कचेरी.

साताऱ्यात जाणकार कोण? सुभेदार म्हणाले, "मी येतो की साक्षीला." पण ते तिथंही रेल, पूल आणि टॉवरची गोष्ट सांगतील या भीतीनं मी त्यांना त्यांच्या दम्याची आठवण करून दिली. आणि ज्यांनी मला नुकतंच वाळीत टाकलं होतं त्या दोघांना तार केली. मधल्या दिवसांत मी कचेरीत वेळेआधी जात होतो. साहेब खाकरले की उभा राहत होतो. टेबलावरच्या कागदाला वाऱ्यानं हालचाल झाली की त्यावर हात ठेवत होतो. घरी विजयमाला विचारायची, "जेवणार का?" आणि मी म्हणायचो, "कुणी विचारायला सांगितलं?"

गुरुवारी दोघंही आले. कृष्णात सुटाबुटात होता. लालासाहेबांनी मंडळाच्या इभ्रतीचा प्रश्न म्हणून रजा काढली होती. ठाण्याच्या दारात मी दोघांचे हात धरले आणि म्हणालो, "एवढंच सांगा, की हे मी केलंय."

"दादासो," कृष्णात म्हणाला, "तुमच्यावर वेळ वाईट आलीया, ती आमास्नी दिसती. पर खोटी साक्ष मी देनार न्हाई."

फौजदारांनी फोटो त्याच्यापुढं सरकवला. कृष्णातनं चष्मा पुसला. "साहेब, मिरजेच्या शेडात मी रोज असली इंजिनं बघतो. ही रिवेटं बघा. मानसाच्या हातची व्हय ही? हे शंभर टक्के खरं इंजिन हाय. मी याच्यामागच्या डब्यातनं बेळगावला गेलोय."

"बहिणीच्या लग्नाला," लालासाहेबांनी पुरवणी जोडली. "धुराचा वाससुदीक ध्यानात हाय त्यास्नी."

माझ्या उभ्या हयातीत माझ्या कामाची इतकी स्तुती कोणी केली नव्हती. आणि प्रत्येक शब्दागणिक माझी नोकरी एकेक पायरी खाली उतरत होती. फौजदारांनी पेनाचं टोपण काढलं. शमशेरलाही बोलावून बाकावर बसवलं होतं. तो फोटोकडं बघत होता, अगदी मुलगी सासरी निघाल्यासारखा.

"तू काय सांगतोस?" फौजदारांनी त्याला विचारलं.

"लिंबू मी पुसलं, साहेब."

"कसलं लिंबू?"

"त्येच तर. आता दिसनार न्हाई."

इतक्यात विजयमाला आली. हातात पिशवी. तिनं टेबलावर आधी माझा लग्नातला कोट ठेवला, मग मेतकुटासकट तुपाचा डबा, मग वेलदोड्यांसकट डबी. "हे इंजिन," ती म्हणाली.

फौजदारांनी डबा उघडला, वास घेतला, परत लावला. "बाई, हे मेतकूट आहे."

"मग तुपाच्या डब्यात तूप किती दिवस राहणार?" विजयमाला म्हणाली. बोलता बोलता तिची नजर फोटोवर गेली. फोटो हातात धरून तिनं पहिल्यांदाच पाहिला होता. ती वाकली. कपाळाला आठी घातली. ती आठी मी ओळखतो. ती बरोबर ठरल्याची आठी.

"ही बघा," ती माझ्याकडं वळून म्हणाली. "सांगत होते ना?"

"काय?"

"मुंगी. गूळ घालू नका म्हटलं होतं."

"ती शिट्टीची दांडी हाय, वैनी," शमशेर दुखावून म्हणाला.

"शिट्टीला सहा पाय असतात?"

शमशेरनं खिशातून कामाचं भिंग काढलं, फोटोवर धरलं, आणि त्याचा चेहरा पडला. फौजदारांनी त्याच्या हातातून भिंग घेतलं. बॉयलरच्या पाठीवर, मोहरीच्या रांगेशी, तोंड खाली घालून एक मुंगी निवांत गूळ खात होती. सहाच्या सहा पाय स्वच्छ दिसत होते. छोट्या प्रतीत तो नुसता ठिपका होता. शोकेससाठी मोठी केली तेव्हा मुंगीही मोठी झाली होती.

फौजदार बराच वेळ वाकून राहिले. मग म्हणाले, "हवालदार, इंजिन खरं धरलं, तर ही मुंगी केवढी होते?"

हवालदारानं फोटो लांब धरून अंदाज घेतला. "शेरडाएवढी, साहेब. जास्तच."

सातारा तालुक्यात शेरडाएवढी मुंगी आढळल्याचं वर कळवायचं, की कारकुनानं तुपाच्या डब्याचं इंजिन केल्याचं, हे फौजदारांना ठरवायचं होतं. त्यांनी टोपण परत पेनाला लावलं. "जा," म्हणाले. "आणि पुन्हा पुरावा नष्ट करू नका. आम्ही मागायच्या आत तरी."

"राहून गेली, साहेब," शमशेर मान खाली घालून म्हणाला. "एवढा डाग कसा राहिला कळंना. आता काढून देतो."

"हात लावशील तर बघ," मी म्हणालो.

कृष्णात अजून भिंगातून बघत होता. त्यानं डोकं वर केलं तेव्हा त्याचा आवाज बदलला होता. "रिवेटं कशाची हो, दादासो?"

"मोहरीची."

तो लालासाहेबांकडं वळला. "आन् मी हिच्यामागनं बेळगावला जाऊन आलो म्हनालो."

लालासाहेबांनी भिंग घेतलं, चाकांवर धरलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तरीबी आरे चुकल्यात."

खऱ्या इंजिनाचे आरे चुकले असं कोणी म्हणत नाही, निदान शुद्धीवर असलेला माणूस म्हणत नाही. मला मंडळात परत घेतलं होतं. आम्ही पाचही जणांनी स्टँडवर जाऊन मिसळ खाल्ली, आणि कृष्णातनं खळीचं प्रमाण हातरुमालावर लिहून घेतलं.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण शमशेर कलावंत पडला. ठाण्यावरून फोटो परत मिळाल्यावर त्याला त्या डागापायी जेवण जाईना. मुंगी काढू नको, असं मी निक्षून सांगितलं होतं, आणि त्यानं माझा शब्द पाळला. मुंगी त्यानं काढली नाही. तिच्यावर काळजीपूर्वक ब्रश फिरवून तिचं, खिडकीतून बाहेर झुकलेल्या, टोपी घातलेल्या एका इंजिनड्रायव्हरात रूपांतर केलं. चेहरा कोणाचा द्यावा, हे त्याला सुचेना. मग त्यानं सौजन्य म्हणून माझा दिला.

शोकेसपुढं पुन्हा गर्दी व्हायला लागली. सुभेदार फाटकाशी येऊन सावधान उभे राहिले. नुसते माझ्याकडं टक लावून बघून गेले. पुढच्या सोमवारी कचेरीत साहेबांनी माझ्या टेबलावर मेमो ठेवला. सरकारी नोकरानं परवानगीशिवाय अन्यत्र नोकरी करणं हे नियमाला सोडून असून, आपण रेल्वेत कधीपासून आहात आणि त्या दिवसांची रजा मंजूर करून घेतली होती काय, याचा खुलासा तीन प्रतींत करावा.

मी कार्बन लावले आणि खुलासा लिहिला. साहेब, सदर फोटोतील इंजिन खोटे आहे, धूर खोटा आहे, ड्रायव्हरही खोटा आहे. खरी फक्त एक मुंगी होती, ती आता माझ्या चेहऱ्याखाली आहे.